रडीचा डाव कोणाचा?

आज ज्या विषयावर आम्ही लेखणी उचलली आहे, तो पाहून आमचे कित्येक प्रौढ वाचक हसतील, आणि मासिकाची पाने मुलांच्या पटावरील भांडणांनी कशाला भरावयाची, असा प्रश्न करतील. त्यांच्या हसण्याचा आम्हांस राग येत नाही. गेल्या दिवाळीपूर्वी आम्हीही असेच हसलो असतो. परंतु एखाद्या समाजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा करावयाची असेल, तर त्याकरिता कोर्टकचेरीची पायरी चढण्याचे कारण नाही. माजघरात मुले खेळावयास बसली आहेत, पत्त्यावरील एका शब्दावरून त्यांच्यांत तंटा पडला आहे, आणि घरातील वडील माणूस तो तंटा तोडीत आहे, एवढा देखावा पाहिला तरी परीक्षेस पुरे. तो देखावा आम्ही पाहिला. आणि त्यात आमचाही दोष असल्यामुळे तो येथे सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही सूरजागडच्या बाजूस गेलो होतो. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील हा डोंगराळ मुलूख. दाट रान, माडिया गोंडांची विखुरलेली गावे, डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे, आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण. आमचे एक स्नेही नोकरीच्या निमित्ताने या तालुक्यात बिऱ्हाड करून आहेत. संध्याकाळचे फराळ झाले आणि मुलांनी मोनोपॉलीचा पट मांडला. आपल्याकडे ‘व्यापार’ या नावाने जो खेळ घरोघर खेळला जातो, त्याच्याच घराण्यातला हा अमेरिकन खेळ. पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो १९३५ मध्ये बाजारात आणला. परंतु त्याचे मूळ त्याहून जुने असून, लिझी मॅगी नावाच्या बाईने जमीनमालकीच्या मक्तेदारीचे दुष्परिणाम लोकांच्या नजरेस आणावे म्हणून रचलेल्या व १९०४ मध्ये पेटंट मिळविलेल्या एका खेळात ते आहे. हा संच कोणा आप्ताने अमेरिकेहून आणलेला असल्यामुळे त्यातील सारे पत्ते इंग्रजीत होते. मुले इंग्रजी शिकणारी खरी, पण घाईने वाचणारी. म्हणून पत्ता उचलला की तो काकांनी वाचावयाचा आणि मराठीत सांगावयाचा, असा त्या घरचा शिरस्ता पडलेला होता.

डाव ऐन रंगात आला असता धाकटीची सोंगटी ‘चान्स’च्या शेवटच्या घरात पडली. पटावर एकंदर चाळीस घरे असतात व त्यांत चार रेल्वेस्थानके असतात. धाकटी ज्या घरात उभी होती, त्याच्या मागे एकाच घरावर चौथे स्थानक होते. आणि पुढचे, म्हणजे फेरी पुरी करून लागणारे पहिले स्थानक, नऊ घरे दूर होते. मागचे स्थानक थोरल्या भावाने विकत घेतलेले. त्याच्यापाशी एकंदर तीन स्थानके असल्यामुळे त्याचे भाडे शंभर. पुढचे स्थानक अजून कोणी घेतलेले नव्हते. शिवाय तेथवर जाताना वाटेत आरंभाचे घर लागते, आणि ते ओलांडणाऱ्यास बँकेकडून दोनशे मिळतात. काकांनी पत्ता हाती घेतला आणि सांगितले, “जवळच्या रेल्वेस्थानकावर जा. ते कोणी घेतले नसेल तर तुला घेता येईल. घेतले असेल तर मालकास दुप्पट भाडे दे.”

थोरला टाळी वाजवून म्हणाला, “जवळचे म्हणजे माझेच! काढ दोनशे.” धाकटी म्हणाली, “मागे कशी जाऊ? पुढचेच धरायचे. आणि मला वाटेतले दोनशेही मिळायचे.” हिशेब पाहा. थोरल्याचा अर्थ खरा धरला तर तिचे दोनशे जातात. तिचा खरा धरला तर दोनशे येतात, आणि तेवढ्याच किमतीचे ते स्थानक तिला जणू फुकट पडते. एका विशेषणाच्या अर्थावर चारशेची उलथापालथ, आणि तिच्याजवळ त्या वेळी रोख अशी फार थोडी शिल्लक होती.

काकांनी पत्ता पुन्हा पाहिला नाही. ते म्हणाले, “जवळचे म्हणजे जवळचे. एक घर जवळ, की नऊ घरे? रडीचा डाव खेळू नकोस, बाळ. खेळच तर आहे.” धाकटीने जमीन गहाण टाकून पैसे मोजले, दोन फेऱ्या कशाबशा खेळली, आणि उठून गेली. जाताना मात्र ती एक वाक्य बोलली. ती म्हणाली, “काका, वाचायचेच नाही तर पत्त्यावर लिहिले कशाला?” सर्व मंडळी हसली. आम्हीही हसलो. त्या हसण्याची आम्हांस आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कोणी जागे होण्यापूर्वी, आम्ही चष्मा लावून तो पत्ता वाचला. त्यावरील पहिलाच शब्द ‘अ‍ॅडव्हान्स’, म्हणजे ‘पुढे जा’, असा होता. काकांच्या भाषांतरात ‘जा’ उरला होता आणि ‘पुढे’ गळाला होता. त्याच गठ्ठ्यात ‘तीन घरे मागे जा’ असे स्वच्छ सांगणारा दुसरा पत्ता आम्हांस सापडला. अर्थात खेळ रचणाऱ्यास जेथे मागे न्यावयाचे होते तेथे त्याने तसा शब्द घातला होता. वाटेतील दोनशेंविषयीही असेच. तुरुंगात धाडणाऱ्या पत्त्यावर आरंभाचे घर ओलांडू नये व दोनशे घेऊ नयेत, असे मुद्दाम छापलेले होते; स्थानकाच्या पत्त्यावर तसा निषेध नव्हता, म्हणून तेथे सामान्य नियमच चालावयाचा. सारांश, धाकटीचे दोन्ही मुद्दे अक्षरशः खरे होते. तिने ते नुसत्या खेळाच्या चालीवरून ओळखले होते. आणि ज्यास इंग्रजी वाचता येत होते, त्याने वाचले नव्हते.

आता आमचा वाद आमच्या स्नेह्यांशी नाही. ते सज्जन आहेत, आणि त्यांच्या जागी शेकडा नव्वद गृहस्थांनी हेच केले असते. आमचा वाद त्या तीन शब्दांशी आहे, जे अशा प्रसंगी आपल्या प्रत्येक घरात उच्चारले जातात: ‘खेळच तर आहे’. आणि त्याहूनही अधिक वाद त्या चौथ्या शब्दाशी आहे, जो त्यांच्या सोबतीस नेहमी येतो: ‘रडी’. ज्याचा डाव हरला आणि हरल्यावर जो नियम मोडू पाहतो, तो रडीचा डाव खेळतो, हा त्या शब्दाचा खरा अर्थ. परंतु नियम वाचून पाहा म्हणणाऱ्यासही आपण तीच शिवी देऊ लागलो आहो. नियम वाचण्याची मागणी करणारी मुलगी रडी ठरते, आणि न वाचता निकाल देणारा पंच थोर मनाचा ठरतो! या उलट्या न्यायाचा निषेध करावा, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

शब्दाच्या अर्थाविषयी वाद घालणे हे क्षुद्र मनाचे काम, अशी समजूत आपल्यांत कोठून आली, हे आम्हांस कळत नाही. निदान आपल्या पूर्वजांकडून तरी ती आलेली नाही. जैमिनीच्या मीमांसेचा सारा खटाटोप संदिग्ध वाक्याचा अर्थ कसा लावावा, याचसाठी आहे. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा साधने मीमांसकांनी सांगितली, आणि त्यांत विरोध पडल्यास आधीचे साधन नंतरच्याहून बलवान, असा क्रमही लावून दिला. येथे श्रुती म्हणजे साक्षात उच्चारलेला शब्द. ‘पुढे जा’ हा साक्षात शब्द असता, केवळ कोणते घर पटावर शेजारी आहे एवढ्यावरून त्यास बाध आणता येत नाही, हे सांगावयास मीमांसकास पळभरही लागले नसते. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’ची (१९१५) प्रत त्या घरातील फडताळात आम्ही स्वतः पाहिली. ग्रंथाचे तात्पर्य कसे काढावे, त्याचा आरंभ व शेवट कसा जुळवून पाहावा, कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे ते कसे तपासावे, याचे मीमांसकांचे नियम त्या ग्रंथाच्या आरंभीच्या प्रकरणात विवरून सांगितले आहेत. फडताळात मीमांसा, आणि चार हातांवर तिचा असा अनादर!

कोणी म्हणेल, वेदवाक्याची गोष्ट वेगळी, पत्त्याची वेगळी. वेद बाजूस ठेवू. घरादाराची, शेतीवाडीची गोष्ट घेऊ. ‘सपिंड’ या एका शब्दाचा अर्थ विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त एकाच देहाचे अंश ज्यांत आहेत ते, असा केला, जीमूतवाहनाने ‘दायभागा’त श्राद्धातील पिंडाने जे बांधले गेले ते, असा केला. या एका शब्दावर वारसाचे दोन निराळे कायदे उभे राहिले. बंगालात एक चालला आणि आपल्याकडे दुसरा, आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा होईपर्यंत कोट्यवधी कुटुंबांच्या मिळकती त्यांप्रमाणे वाटल्या गेल्या. शब्दाच्या अर्थास हसणाऱ्यांनी आपल्या आजोबांच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागले आणि कोणाचे राहिले, ते एकदा पाहून यावे.

येथे आमच्या प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. प्रत्येक संदिग्धता वाचनाने सुटत नाही. आपल्याच सावंतवाडीकडील दशावतारी गंजिफा घ्या. एकशेवीस गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा येईल त्याने उतारी करावयाची, आणि रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे येईल त्याने. नियम सुंदर आहे; पण दिवेलागणीच्या वेळी काय करावे? सूर्य मावळला आहे आणि उजेड आहे, त्या घटकेस दिवस म्हणावे की रात्र? ‘दिवस’ हा शब्द कितीही वेळा वाचला तरी याचे उत्तर त्यात सापडावयाचे नाही. तेथे शब्द संपला. पुढे खेळणाऱ्यांचा ठराव पाहिजे. परंतु ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, तो ठराव पाने वाटण्यापूर्वी व्हावयास हवा. पाने हाती आल्यावर ज्याच्याकडे राम आहे त्यास बाहेर लख्ख उजेड दिसू लागेल, आणि ज्याच्याकडे कृष्ण आहे त्यास चांदण्या दिसू लागतील.

संदिग्धतेचे हे दोन प्रकार वेगळे ओळखणे, हेच पंचाचे पहिले काम होय. एकीत उत्तर मजकुरात असते आणि वाचणाऱ्याचा आळस आड येतो. दुसरीत उत्तर मजकुरात नसतेच. पहिल्या प्रकारात छापकाटा करणे हा अन्याय, आणि दुसऱ्या प्रकारात आपलाच अर्थ मजकुरात आहे असे ठासून सांगणे हा दांभिकपणा. हे ओळखणे सोपे आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. दोन सूत्रांचा विरोध आला असता कोणते चालवावे, हे सांगणारे पाणिनीचे सूत्रच पाहा. त्यातील ‘पर’ या शब्दाचा ‘ग्रंथात नंतर आलेले’ असा अर्थ परंपरेने केला. केंब्रिज येथील ऋषी राजपोपट यांनी २०२२ मध्ये, तो अर्थ तसा नसून शब्दाच्या उजव्या बाजूस लागणारे कार्य असा आहे, असे प्रतिपादन केले, आणि त्यावर पंडितांत पुन्हा वाद माजला. तंटे तोडण्याच्या नियमावरच तंटा! तथापि त्या वादात कोणी कोणास रडी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. दोन्ही पक्ष सूत्र उघडून बसले, आणि यातच सर्व आले.

परदेशात तर पत्त्यांच्या खेळांनी या कामाचे शास्त्रच बनविले आहे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ नावाचा एक खेळ १९९३ मध्ये निघाला. त्यातील हजारो पत्त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकावर वेगळी आज्ञा छापलेली. तेव्हा दोन आज्ञांची टक्कर ही तेथे रोजचीच. म्हणून त्याच्या नियमग्रंथात आरंभीच सांगून टाकले आहे की, पत्त्यावरील शब्द आणि सामान्य नियम यांत विरोध आला तर पत्ता खरा. आणि एक पत्ता परवानगी देतो व दुसरा मनाई करतो, असे झाले तर मनाई खरी. आपल्या शास्त्रकारांनी उत्सर्ग आणि अपवाद म्हणून जे सांगितले, त्याचेच हे रूप. याहून मोठी गोष्ट अशी की, एखाद्या पत्त्याचा मजकूर घोटाळ्याचा ठरला तर त्याचा सुधारलेला अधिकृत मजकूर प्रसिद्ध होतो, आणि जुन्या छापील पत्त्यावर काहीही असले तरी सुधारलेला मजकूरच सर्वांस लागू होतो. म्हणजे चूक झाकली जात नाही, आणि दुरुस्ती कोणा एकाच्या लाभापुरती होत नाही. ज्या गोष्टीस आपण मुलांचा खेळ म्हणून हसतो, तिच्यासाठी परके लोक पंच शिकवून तयार करतात.

मग घरातील वडील माणसाने करावे तरी काय? आमच्या मते चारच गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, मूळ मजकूर सर्वांसमक्ष, मोठ्याने आणि अखेरपर्यंत वाचावा. भाषांतर सांगावयाचे असेल तर ते मजकुरानंतर सांगावे, मजकुराच्या ऐवजी नव्हे. दुसरी, त्याच संचात तोच शब्द किंवा त्याच्या उलटा शब्द अन्यत्र आला आहे काय, ते पाहावे. खेळ रचणाऱ्याने इतरत्र काय म्हटले, यासारखा साक्षीदार नाही. तिसरी, अर्थ सांगणाऱ्या प्रत्येकास एकच प्रश्न विचारावा: “ते स्थानक दुसऱ्याचे असते आणि पत्ता तुझ्या हातात आला असता, तर तू हाच अर्थ सांगितला असतास का?” या प्रश्नाने निम्मे तंटे जागच्या जागी मिटतात, कारण मुले खोटे बोलतात, पण मोठ्यांइतकी सराईतपणे नाही. चौथी, जेथे मजकूर खरोखर मुका आहे तेथे सर्वांच्या संमतीने ठराव करावा, तो वहीत टिपून ठेवावा, आणि पुढच्या प्रत्येक डावात सर्वांस सारखा लागू करावा. छापकाटा हा पाचवा उपाय. तो शेवटचा, आणि ‘आम्हांस उत्तर सापडले नाही’ अशी कबुली देऊनच करावयाचा.

यावर तीन आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा की, इतकी शास्त्रचर्चा करीत बसले तर खेळातील मौज जाईल. आम्ही विचारतो, कोणाची मौज? थोरल्याची मौज त्या रात्री यत्किंचितही कमी झाली नाही. मौज गेली ती धाकटीची, आणि ती वाचल्यामुळे गेली नाही, न वाचल्यामुळे गेली. पत्ता उलटून पाहण्यास अर्धे मिनिट लागले असते. त्या अर्ध्या मिनिटाच्या कंटाळ्यापायी एक गडी डावातून उठला. दुसरा आक्षेप असा की, घरात वडिलांचा शब्द अखेरचा असावा, मुलांनी त्यावर वाद घालू नये. वडिलांचा शब्द अखेरचा असावा, हे आम्हांसही मान्य आहे. पण अखेरचा म्हणजे सर्वांच्या मागून येणारा. पत्त्याचा शब्द आधी, मुलांचे म्हणणे मग, आणि वडिलांचा शब्द त्यानंतर. जो शब्द सर्वांच्या आधीच येतो, त्यास अखेरचा कसे म्हणावे?

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. अशाने मुले शब्दच्छल करणारी, वकिली वळणाची होतील, ही भीती पुष्कळ आईबापांस वाटते. तिचे उत्तर असे की, शब्दच्छल करणारा आधी आपला लाभ पाहतो आणि मग त्यास शोभेल असा अर्थ शोधतो. त्याची खोड मोडावयाची तर त्यास वाचू देणे बंद करून भागणार नाही. उलट, ज्या घरात कोणी वाचीत नाही त्याच घरात त्याचे फावते. थोरल्याने त्या दिवशी काय शिकावे? आपल्या फायद्याचा अर्थ पहिल्याने आणि मोठ्याने सांगावा, टाळी वाजवावी, आणि वडील तो उचलून धरतील. धाकटीने काय शिकावे? लिहिलेल्या शब्दाचा आधार मागणे म्हणजे रडणे. दोन मुलांस दोन धडे मिळाले, आणि ते आपण दिवाळीच्या फराळाबरोबर दिले.

हे धडे मुले मोठेपणी कोठे वापरतात, हे पाहावयास त्या बिऱ्हाडापासून लांब जावे लागत नाही. ‘जवळचे स्थानक’ हा शब्दच घ्या. गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ वडसा हे एकच रेल्वेस्थानक होते. एटापल्लीच्या माणसास जवळचे स्थानक विचारले तर एकजण जिल्ह्यातले म्हणून वडसा सांगतो, दुसरा जाण्याच्या सोयीचे म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशा सांगतो. यात कोणाचे बिघडत नाही. परंतु याच डोंगराच्या पायथ्याशी असे काही शब्द आहेत, ज्यांच्या अर्थावर रान, पाणी आणि देवाचे ठाणे अवलंबून आहे. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा जो कायदा १९९६ मध्ये झाला व ज्यास ‘पेसा’ म्हणतात, त्यात प्रकल्पासाठी जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी ‘किंवा’ योग्य स्तरावरील पंचायतीशी ‘विचारविनिमय’ करावा, असे म्हटले आहे. ‘किंवा’ म्हणजे कोणाशी? गावाशी न बोलता वरच्या पंचायतीशी बोलले तर भागते काय? आणि ‘विचारविनिमय’ म्हणजे नुसते विचारणे, की ऐकणेही?

ही शंका आमच्या पदरची नव्हे. न्यायाधीशांच्या नेमणुकीपूर्वी सरन्यायाधीशांशी ‘विचारविनिमय’ करावा, असे राज्यघटनेत आहे. त्या शब्दाचा अर्थ संमती असा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ठरविले. आणि १९९३ मध्ये त्याच न्यायालयाने सरन्यायाधीशांच्या मतासच प्राधान्य आहे, असा निर्णय दिला. बारा वर्षांत एका शब्दाचे वजन इतके पालटले. तेव्हा सूरजागडच्या ग्रामसभेतील एखाद्या म्हाताऱ्याने, आमच्या वाट्याच्या ‘विचारविनिमया’चे वजन किती, असे विचारले, तर त्यास आपण काय म्हणणार? ‘रडीचा डाव खेळू नकोस’ असे? शिवाय तो कायदा इंग्रजीत रचलेला, कचेरीत मराठीत सांगितला जाणारा, आणि त्याची भाषा माडिया. आमच्या स्नेह्यांच्या घरी एका भाषांतरात ‘पुढे’ गळाला. येथे तर दोन भाषांतरे पार करावयाची आहेत.

येथे आम्हांस प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचीच दुसरी कसोटी या कायद्यास लावली, तर निघणारे उत्तर प्रत्येक वेळी आम्हांस आवडेल असे नाही. त्याच कायद्यात गौण खनिजांच्या पट्ट्याविषयी ग्रामसभेची ‘किंवा’ योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक केली आहे. म्हणजे जेथे अधिक हवे होते तेथे रचणाऱ्यांनी अधिक जोराचा शब्द घातला, आणि लोहखनिज गौण खनिजांत येत नाही. हे वाचून वाईट वाटले तरी वाचन वाकवावयाचे नाही. शब्द अपुरा असेल तर तो अपुरा आहे, असे उघड म्हणून बदलून घ्यावा. आहे त्यातून नसलेला अर्थ काढणारा आणि असलेला अर्थ गाळणारा, हे दोघे एकाच पंक्तीस बसतात. खाणीच्या प्रश्नाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, निवाडा करणाऱ्याने आधी सर्वांसमक्ष वाचावे, आणि ज्याचा लाभ आहे त्याच्या टाळीस निकाल समजू नये.

असे करता येते, हे याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखविले आहे. तेथे एखाद्या विषयाचा अभ्यास करणारी बैठक वेगळी आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कागद वाचावयाचे, जाणत्यांस विचारावयाचे, वाद घालावयाचा; निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. वाचणे आणि ठरविणे या दोन क्रिया वेगळ्या ठेवाव्या, आणि पहिली पुरी झाल्यावाचून दुसरीस हात घालू नये, हे त्या गावास कळले. शहरांतून शिकून गेलेल्या आम्हां मंडळींस मात्र पटाभोवती बसूनही कळले नाही.

त्या सकाळी आम्ही तो पत्ता आमच्या स्नेह्यांस दाखविला. त्यांनी तो वाचला, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, “खरे आहे. पण आता काय त्याचे? डाव तर संपला.” आम्ही म्हटले, “डाव संपला. पण तिला सांगा.” त्यांनी दाराशी जाऊन धाकटीस हाक मारली, आणि सर्वांसमक्ष सांगितले, “काल मी चुकलो. पत्त्यावर ‘पुढे जा’ असेच आहे.” धाकटीने तो पत्ता हातात घेतला, बोट फिरवीत पहिला शब्द वाचला, आणि काही न बोलता पट मांडावयास घेतला. थोरला आपण होऊन एक वही घेऊन आला, आणि पहिल्या पानावर त्याने त्या पत्त्याचा निकाल लिहून काढला. वडील माणसाची अब्रू ‘मी चुकलो’ एवढ्या दोन शब्दांनी जाते, असे ज्यांस वाटते, त्यांनी त्या दोन मुलांची तोंडे त्या वेळी पाहावयास हवी होती.